वाळूमाशीतला विषाणू ओळखायचा कसा? गोठ्यातल्या सापळ्यापासून वंशवृक्षापर्यंत

१९६५ साली नागपूर भागात डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ सुरू होती. तेव्हा चांदीपुरा गावच्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तातून भलताच विषाणू निघाला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), त्याला गावाचंच नाव दिलं. १९७० मध्ये औरंगाबादच्या वाळूमाश्यांतही तो सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि चांदीपुराचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. २०२४ च्या जून ते मध्य ऑगस्टमध्ये देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा पक्का झाला, आणि ते बहुतेक गुजरातमधले होते.

अशी साथ आली की सगळीकडून एकच विचारणा सुरू होते: माश्या तपासल्या का? तपासायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, ते या लेखात आहे. जिल्ह्याचे कीटकशास्त्रज्ञ, जीवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, आणि पीसीआर (जनुकाच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवणारी चाचणी) करता येतं पण माशी कधी हाताळलेली नाही अशी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागणार आहे. हातात आलेल्या निकालावरून आपण नेमकं काय म्हणू शकतो, हे दरवेळी स्वतःला विचारायचं. पीसीआरनंतर जेलवर दिसलेली एक पट्टी म्हणजे विषाणू नव्हे. माशीत विषाणू सापडला म्हणजे तीच माशी तो पसरवते असंही नव्हे.

आधी कुणाला शोधतोय ते ठरवा

वाळूमाशीतून पसरणारे, माणसाला त्रास देणारे विषाणू मुख्यतः दोन गटांतले आहेत. चांदीपुरा हा ऱ्हॅब्डोव्हायरस, म्हणजे रेबीजच्या विषाणूचा लांबचा नातेवाईक. त्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे ११,००० अक्षरांचा (न्यूक्लिओटाइडांचा) एकच अखंड आरएनए धागा. त्यावर एन, पी, एम, जी आणि एल ही पाच जनुकं याच क्रमाने असतात. दुसरा गट फ्लेबोव्हायरसांचा. सिसिली आणि नेपल्स ही सँडफ्लाय फीव्हरची (वाळूमाशीच्या चाव्याने येणाऱ्या तापाची) जुनी नावं, तसंच भूमध्य सागराभोवती मेंदूच्या आवरणाचा दाह करणारा टोस्काना विषाणू, हे सगळे याच गटातले. १९७१ मध्ये टोस्काना पहिल्यांदा हाती आला तोही इटलीतल्या वाळूमाश्यांतून. फ्लेबोव्हायरसचा जनुकसंच एल, एम आणि एस अशा तीन तुकड्यांत असतो. हा गट आपल्याकडे अगदीच परका नाही. १९७०च्या दशकात औरंगाबाद जिल्ह्यात एकाच हंगामात माणसांत आणि माश्यांत सँडफ्लाय फीव्हरचा विषाणू मिळाल्याची नोंद आहे.

हा फरक चाचणीच्या आखणीत पहिल्याच दिवशी लागतो. अखंड धाग्याच्या विषाणूचा एक तुकडा ओळखला की बाकीचा जनुकसंच त्याच्याच मागे असणार, हे जवळपास गृहीत धरता येतं. तीन तुकड्यांच्या विषाणूत मात्र एल एकाचा आणि एस दुसऱ्याचा, अशी अदलाबदल होऊ शकते. त्यामुळे एका तुकड्यावरून नाव ठेवणं तिथे धोक्याचं असतं.

सापळा कुठे, कधी, कसा

वाळूमाशी तिळाएवढी असते. लांबी दोन-तीन मिलिमीटर, अंगभर लव. बसलेली असताना पंख पाठीवर व्ही आकारात उभे धरलेले दिसले की ती ओळखायला कीटकशास्त्रज्ञ लागत नाही. ती फार लांब उडत नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारल्यासारखी सरकते. चावते फक्त मादी, तेही बहुधा संध्याकाळनंतर. अंडी पाण्यात नसतात. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओलसर शेणमाती, पालापाचोळा, पडक्या घरांचे कोपरे अशा जागी अळ्या वाढतात. म्हणून डासांसाठी आखलेलं सर्वेक्षण इथे जसंच्या तसं चालत नाही.

प्रकाश सापळे दिवेलागणीला लावायचे आणि उजाडताच काढायचे. गोठ्यात आणि घराच्या आत तर लावाच, पण भेगाळलेल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही एक लावा. सापळा छताला टांगू नका, जमिनीपासून गुडघा-मांडीच्या उंचीवर ठेवा. जाळी बारीक छिद्रांची हवी. डासांच्या नेहमीच्या जाळीतून वाळूमाश्या निसटतात, आणि सकाळी रिकामी पिशवी बघून ‘या गावात माश्या नाहीत’ असा शेरा लिहिला जातो. जोडीला पहाटे टॉर्च आणि शोषनळी घेऊन भिंतीवरच्या माश्या टिपायच्या. रक्त प्यायलेल्या, पोट फुगलेल्या माद्या सापळ्यापेक्षा अशाच जास्त मिळतात. एरंडेल लावलेले चिकट कागद फक्त माश्या मोजायला आणि जात ओळखायला वापरा. त्या तेलातून काढलेल्या माशीतला आरएनए भरवशाचा नसतो.

गावात शिरण्याआधी सरपंच आणि आशाताईंना भेटून या. ज्या घरात सापळा लावणार, तिथल्या माणसाला तो कशासाठी आहे आणि निकाल काय येऊ शकतो हे सांगा. साथीच्या दिवसांत ‘औषध फवारायला आलेत की तपासायला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं खरं उत्तर दिलं की पुढची कामं सोपी होतात.

थंडीची साखळी: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

आरएनए नाजूक असतो. माशी मेल्याच्या क्षणापासून तो तुटायला लागतो. म्हणून एक तर माश्या जिवंत प्रयोगशाळेत न्यायच्या, नाहीतर गावातच थिजवायच्या. जिवंत न्यायच्या असतील तर बारीक जाळीचा पिंजरा, त्याच्याभोवती ओलं फडकं आणि साखरपाण्यात भिजवलेला कापूस लागतो. उन्हाळ्याच्या शेवटी विदर्भात बंद गाडीत दोन तासांत सगळ्या मरतात, याचा हिशेब आधीच करा.

थिजवायला कोरडा बर्फ किंवा द्रव नायट्रोजन लागतो. कोरडा बर्फ तालुक्याच्या गावी मिळणं अवघड. द्रव नायट्रोजन मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत वीर्यकांड्यांचे कॅन ठेवलेले असतात. तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलं तर स्वतःचा कॅन भरून घेण्याची सोय होऊ शकते. त्यांच्या कॅनमध्ये आपल्या नळ्या ठेवायची विनंती मात्र करू नका. त्यांच्या मालाला तो धोका आहे आणि ते नाहीच म्हणतील.

यांतलं काहीच जमलं नाही तर आरएनएलेटरसारख्या द्रावणात माश्या बुडवा. त्याने आरएनए वाचतो, पण पुढे पेशींवर विषाणू वाढवायची वाट बहुतेक बंद होते. सत्तर टक्के अल्कोहोल जात ओळखण्यापुरतं चांगलं, विषाणूच्या कामाला नको. नेहमीच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावरही विसंबू नका. त्यातला माल वितळतो, पुन्हा गोठतो, आणि दरवेळी आरएनए थोडा थोडा कमी होतो.

नळीवरचं लेबल पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न पुसणाऱ्या मार्करने लिहा. गाव, घर क्रमांक, जागा (गोठा, घर की भिंतीची भेग), तारीख, सापळ्याचा प्रकार, अक्षांश-रेखांश आणि गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं एवढं त्यावर हवं. घरमालकाचं नाव नको, ते वेगळ्या वहीत ठेवा. जनुकक्रम कितीही सुंदर आला तरी तो कुठल्या गोठ्यातल्या माशीचा हे सांगता आलं नाही तर त्याचा साथीच्या कामाला उपयोग शून्य.

जात ओळखणं: पीसीआरवाल्यांना कंटाळवाणी वाटणारी पायरी

इथे घाई करू नका. बर्फावर ठेवलेल्या काचेच्या पट्टीवर, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली एकेक माशी घ्या. बारीक सुईने डोकं आणि पोटाचं शेवटचं टोक वेगळं करा. हे दोन तुकडे स्लाइडवर जातील. छाती आणि उरलेलं पोट विषाणूसाठी नळीत जाईल. लाळग्रंथी छातीच्या पुढच्या भागात असतात आणि आतडं पोटात, त्यामुळे विषाणू असण्याची जागा आपण फेकून देत नाही. प्रत्येक माशीनंतर सुई अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरा किंवा नवी घ्या.

आपल्याकडे दोन वंश महत्त्वाचे आहेत, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया. ढोबळ खूण अशी: फ्लेबोटोमसच्या पोटावरची लव उभी असते, सर्जेंटोमियाची आडवी पडलेली. पक्कं करायला स्लाइड पारदर्शक करून मादीच्या घशातली दातांची रांग आणि शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांचा आकार पाहावा लागतो. नराचं जननांग पाहिलं तर काम सोपं होतं. बहुतेक वेळा पुस्तकातल्या जात ओळखायच्या चाव्या (खुणांच्या पायऱ्या) इथे अडकवतात. अशा वेळी एक पाय राखून ठेवा आणि त्यातून सीओआय जनुकाचा, म्हणजे जात ओळखायच्या ‘बारकोड’चा, तुकडा वाढवा. फोल्मरचे प्राइमर (पीसीआरने कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए धागे), म्हणजे एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ ही जोडी, प्राइमर वगळून ६५८ अक्षरांचा तुकडा देते. मात्र भारतीय वाळूमाश्यांचे सार्वजनिक संग्रहातले सगळेच सीओआय क्रम बरोबर नावाने चढवलेले असतील असं समजू नका. स्लाइड आणि बारकोड दोन्ही जुळले तरच नाव लिहा.

एवढा आटापिटा कशासाठी? सर्जेंटोमिया पाली-सरड्यांचं रक्त पिते, माणसाशी तिचा संबंध नाही, असं बराच काळ मानलं जायचं. पण २००३ नंतर करीमनगरच्या माश्यांत चांदीपुराच्या खुणा मिळाल्या त्या सर्जेंटोमियातच. पुढे नागपूर भागातून तो विषाणू प्रत्यक्ष वेगळा काढला तोही सर्जेंटोमियातून. जात न पाहता सगळ्या माश्या एकत्र वाटल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

गट बांधणी

एकेक माशी तपासणं परवडत नाही, म्हणून गट करतात. एका गटात एकच जात, एकच लिंग, एकच गाव, एकच आठवडा. पंचवीसपर्यंत माश्या ठीक. त्याहून जास्त घेतल्या तर माशीच्याच ऊतींतले घटक पीसीआर बिघडवायला लागतात. रक्त प्यायलेल्या माद्या कधीही इतरांत मिसळू नका. त्यांच्यात सापडलेला विषाणू रक्ताबरोबर नुकताच पोटात गेलेला असू शकतो, आणि अशा निकालावरून माशीच्या ऊतींबद्दल काहीच सांगता येत नाही. त्या एकेकट्या तपासा, आणि सायटोक्रोम-बी जनुकावरून ते रक्त गाईचं, माणसाचं की कुत्र्याचं हेही पाहा.

नरांचे गट टाकून देऊ नका. नर चावत नाही, रक्त पीत नाही. मग त्याच्यात विषाणू आला कुठून? आईकडून अंड्यावाटे किंवा समागमातून. फ्लेबोटोमस पापाटासीत चांदीपुरा अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो हे प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे. गावात पकडलेल्या नरांत विषाणू मिळणं हा त्याला प्रयोगशाळेबाहेरून मिळालेला दुजोरा ठरतो.

वाटणं आणि आरएनए काढणं

हे काम दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करा. प्रत्येक गटाला एक मिलिलिटर थंडगार पेशीमाध्यम (त्यात प्रतिजैविकं आणि थोडं सीरम) आणि दोन-तीन मणी घालून यंत्रात हलवा, मग ४ अंश सेल्सिअसला फिरवून वरचं स्वच्छ द्रव घ्या. त्याचे लगेच तीन भाग करा. एक आरएनएसाठी, एक पेशींवर वाढवण्यासाठी आणि एक उणे ८० अंशांत कायम राखीव. तिसऱ्या भागाला हात लावायचा मोह नेहमी होतो. तो लावू नका. सहा महिन्यांनी कुणीतरी निकालावर शंका घेईल तेव्हा तोच उपयोगी पडेल.

आरएनए काढायला बाजारातला कुठलाही चांगला कॉलम संच चालतो. प्रत्येक खेपेत दोन नळ्या जास्तीच्या ठेवा. एकीत फक्त पाणी. दुसरीत प्रयोगशाळेत वाढलेल्या, विषाणूमुक्त माश्या असल्या तर उत्तम. शिवाय प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच एमएस२ फाजची (जिवाणूंच्या एका विषाणूची) मोजकी मात्रा घाला. पुढे फाज सापडला नाही तर निकाल ‘नकारात्मक’ नसून ‘चाचणी झालीच नाही’ असा वाचायचा. आरएनए काढणं, पीसीआरचं मिश्रण बनवणं आणि तयार झालेला माल हाताळणं या तीन कामांना तीन खोल्या हव्यात आणि माणसाने एकाच दिशेने जायचं. महाविद्यालयात तीन खोल्या मिळणार नाहीत हे मान्य. निदान तीन टेबलं, तीन पिपेट संच आणि तीन एप्रन तरी वेगळे ठेवा.

पहिली चाळणी: ठरावीक विषाणूची रिअल-टाइम पीसीआर

चांदीपुरासाठी एका टप्प्यातली रिअल-टाइम आरटी-पीसीआर करा. कोणतं जनुक निवडायचं यामागे साधं गणित आहे. ऱ्हॅब्डोव्हायरस पेशीत वाढताना एन जनुकाच्या प्रती सगळ्यात जास्त बनतात आणि एलपर्यंत जाताना त्या कमी कमी होतात. म्हणून एनवरची चाचणी सहसा जास्त संवेदनशील. जी जनुक कवचावरच्या प्रथिनाचं आहे, ते जास्त बदलतं. नात्यागोत्याच्या अभ्यासाला ते उपयोगी, पण त्यावर प्राइमर बसवले तर नव्या वाणांवर ते अधूनमधून पुन्हा तपासावे लागतात. कुठल्याही प्रकाशित प्राइमरची जोडी वापरण्याआधी अलीकडच्या जनुकक्रमांशी ताडून पाहा.

सकारात्मकचा कट-ऑफ काय? मी आकडा सांगणार नाही, कारण तो तुमच्या यंत्राने आणि तुमच्या मोजलेल्या प्रमाणित आरएनएने ठरवायचा असतो. ३५व्या फेरीच्या पुढे चढलेली वक्ररेषा दिसली तर उरलेल्या आरएनएवर पुन्हा करा, शक्यतो वेगळ्या जनुकावर. दोन्हीत आली तर मान्य.

सकारात्मक नियंत्रण म्हणून खरा विषाणू वापरू नका. कृत्रिम आरएनए मागवा आणि त्यात प्राइमरांच्या मध्ये पंधरा-वीस जास्तीची अक्षरं घालून घ्या. उद्या एखादा नमुना संशयास्पद सकारात्मक आला की जनुकक्रम पाहून लगेच कळतं, माशीतला आहे की आपल्याच नळीतून उडालेला. या एका युक्तीने किती बैठका वाचतात हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक.

दुसरी चाळणी: गटापुरते प्राइमर

अनोळखी फ्लेबोव्हायरससाठी एल तुकड्यावरच्या, म्हणजे पॉलिमरेझ जनुकाच्या सगळ्यात न बदलणाऱ्या भागावरच्या, डिजनरेट प्राइमरांची नेस्टेड (एकात एक, दोन टप्प्यांची) पीसीआर वापरतात. काही अक्षरांच्या जागी अनेक पर्याय ठेवलेले असल्यामुळे हे प्राइमर गटातल्या अनोळखी सदस्यालाही पकडतात, आणि त्याच कारणाने नको तेही पकडतात. जेलवर अपेक्षित लांबीची पट्टी दिसली तरी ती माशीच्या स्वतःच्या जनुकाची असू शकते. म्हणून प्रत्येक पट्टी कापून, शुद्ध करून दोन्ही दिशांनी सँगर पद्धतीने वाचून घ्या. न वाचलेली पट्टी अहवालात येता कामा नये.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. कीटकांच्या स्वतःच्या डीएनएत जुन्या विषाणूंचे तुकडे कायमचे बसलेले असतात, विशेषतः ऱ्हॅब्डोव्हायरसांचे. ते पीसीआरमध्ये विषाणूसारखेच दिसतात. ओळखायचे कसे? रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घालता तीच पीसीआर करा. तरीही पट्टी आली तर ती डीएनएतली. क्रमात मध्येच स्टॉप कोडॉन किंवा चौकट सरकलेली असेल, एकाच जातीच्या यच्चयावत सगळ्या गटांत तो तुकडा सारख्याच प्रमाणात असेल, तर संशय धरा. आरएनए काढताना डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया ठेवली तर निम्मी कटकट आधीच संपते.

संपूर्ण जनुकक्रम आणि मेटाजीनोमिक्स

मेटाजीनोमिक्स म्हणजे नमुन्यातले सगळेच जनुकतुकडे एकदम वाचणं. पैसे आणि माश्या दोन्ही असतील तरच या वाटेला जा, आणि निवडक गटांपुरतंच. माशीच्या एकूण आरएनएत सिंहाचा वाटा राइबोसोमचा असतो, विषाणूचा वाटा चिमूटभर. माणूस-उंदरासाठी बनवलेले राइबोसोमल आरएनए काढायचे संच कीटकांवर नीट चालत नाहीत. कीटकांसाठीचे प्रोब वापरा, नाहीतर वाटलेलं द्रव गाळून न्यूक्लिएज लावा, म्हणजे कवचात बंद असलेला आरएनए तेवढा राहतो. पुढे रँडम प्राइमरने सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत), मग लायब्ररी (यंत्रावर वाचायला तयार केलेले तुकडे). एकाच खेपेत अनेक गट चालवणार असाल तर दोन्ही टोकांना स्वतंत्र इंडेक्स (गटाची ओळखखूण) द्या. एका जोरदार सकारात्मक गटाचे वाच (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) शेजारच्या गटात गळणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यातून ‘पाच गावांत विषाणू’ अशी खोटी बातमी तयार होते. पाण्याची नळी इथेही शेवटपर्यंत चालवा, तिचाही जनुकक्रम वाचा.

विश्लेषणाचा क्रम साधारण असा. फास्टपीने टोकं आणि खराब वाच काढा. मग राइबोसोमचे आणि माशीचे वाच बाजूला करा. फ्लेबोटोमस पापाटासीचा जनुकसंच उपलब्ध आहे, पण सर्जेंटोमियासाठी त्यावर विसंबलात तर माशीचा बराच कचरा मागे राहील, हे गृहीत धरा. उरलेले वाच मेगाहिट किंवा आरएनए-व्हायरल-स्पेड्सने जोडा आणि लांब तुकडे डायमंडने प्रथिनसंग्रहाशी ताडा. अक्षरांच्या नव्हे, प्रथिनांच्या पातळीवर, कारण नवा विषाणू अक्षरांत ओळखू येण्याइतका सारखा नसतो. शेवटी सगळे वाच त्या तुकड्यांवर परत बसवून पाहा. एखाद्या तुकड्याच्या मध्ये खोली (त्या जागेवर बसलेल्या वाचांची संख्या) अचानक शून्यावर जात असेल तर तिथे दोन वेगळे तुकडे चुकून शिवले गेलेत.

फ्लेबोव्हायरसात एल सापडतो, एस हरवतो, असं वारंवार होतं, कारण एसवरची प्रथिनं जास्त बदललेली असतात. तेव्हा टोकांकडे पाहा. या गटात तिन्ही तुकड्यांची आठ अक्षरी टोकं सारखी असतात: पाच-प्राइम बाजूला एसीएसीएएएजी आणि दुसऱ्या टोकाला त्याला जुळणारी. नाव न मिळालेल्या, पावणेदोन-दोन हजार अक्षरांच्या तुकड्यांत ही टोकं शोधली तर हरवलेला एस पुष्कळदा तिथेच पडलेला असतो.

एक धोक्याची सूचना. पंचवीस माश्यांच्या गटात दोन वेगवेगळे फ्लेबोव्हायरस असू शकतात. एकाचा एल आणि दुसऱ्याचा एस जोडून ‘नवा अदलाबदल झालेला विषाणू’ जाहीर करायचा मोह पडतो. तो दावा एकट्या माशीतून किंवा पेशींवर शुद्ध करून वाढवलेल्या विषाणूतूनच करता येतो.

अशा सापडलेल्या विषाणूंच्या यादीत बहुसंख्य नावं फक्त कीटकांत राहणाऱ्या विषाणूंची येतील. त्यांचा माणसाशी काही संबंध नाही. शोधनिबंधासाठी ते छान आहेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला नव्हेत.

वंशवृक्ष

पॉलिमरेझ प्रथिनाचे क्रम मॅफ्टने जुळवा, आयक्यू-ट्रीने झाड काढा, प्रारूप त्यालाच निवडू द्या. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीच्या भरवशाचा आकडा, ९५ च्या खाली असलेल्या फांदीवर अर्थ लादू नका. फ्लेबोव्हायरससाठी तिन्ही तुकड्यांची वेगळी झाडं हवीत. या गटात नवी प्रजाती म्हणायला पॉलिमरेझच्या अमिनो आम्लांतलं साम्य ९५ टक्क्यांहून कमी असायला लागतं. त्याहून जास्त असेल तर तो आधीच्याच प्रजातीचा वाण. प्रजातींची अधिकृत नावं आता द्विनामी झाली आहेत: व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा, फ्लेबोव्हायरस टोस्कानाएन्से. अहवालात एकदा अधिकृत नाव द्या आणि पुढे प्रचलित नावच वापरा, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

तीनशे अक्षरांच्या पीसीआर तुकड्यावरून ‘हा वाण अमुक राज्यातून आला’ असं म्हणू नका. तेवढ्या तुकड्यात तशी माहितीच नसते.

पेशींवर वाढवणं

राखून ठेवलेला दुसरा भाग इथे वापरायचा. चांदीपुरा व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींत) झपाट्याने वाढतो, एक-दोन दिवसांत पेशी गोल होऊन सुटायला लागतात. फ्लेबोव्हायरस सावकाश. हे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीशिवाय आणि योग्य प्रयोगशाळेशिवाय करायचं नाही. तशी सोय नसेल तर नमुना एनआयव्हीकडे पाठवायची रीतसर व्यवस्था करा. जिवंत विषाणू हाती आला तर ‘आरएनए आढळला’ याऐवजी ‘विषाणू वेगळा केला’ असं लिहिता येतं, आणि त्या दोन वाक्यांच्या वजनात पुष्कळ अंतर आहे.

आकडा कसा मांडायचा

समजा १,२०० माश्या, पंचवीसचे ४८ गट, त्यांतले तीन सकारात्मक. किमान संसर्गदर म्हणजे ३ भागिले १,२०० गुणिले १,०००, म्हणजे हजारी २.५. हे गृहीत धरतं की प्रत्येक सकारात्मक गटात एकच बाधित माशी होती. गट थोडे सकारात्मक असताना हे चालतं. संभाव्यतेवर आधारलेली पद्धत हजारी २.५८ देते, म्हणजे जवळजवळ तेच. पण ४८ पैकी ३० गट सकारात्मक आले तर? किमान दर हजारी २५, आणि दुसऱ्या पद्धतीने हजारी ३८ च्या पुढे. म्हणून गटांचे आकार आणि सकारात्मक संख्या मूळ तक्त्यातच द्या. ज्याला हवं तो पुन्हा हिशेब करेल.

अहवाल

जनुकक्रम जेनबँकेत (जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) चढवताना माशीची जात, लिंग, तारीख आणि तालुका भरा. ‘भारत’ एवढंच लिहिलेले जनुकक्रम तिथे ढिगाने पडलेत आणि कुणाच्याच कामाचे नाहीत.

जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना द्यायचा कागद मात्र वेगळा, एका पानाचा. त्यावर झाड नको, बूटस्ट्रॅप नको. कोणत्या गावात, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीच्या किती माश्या मिळाल्या. किती गट तपासले, किती सकारात्मक, त्यांतले किती दुसऱ्या जनुकावर किंवा जनुकक्रमाने पक्के झाले. रक्त प्यायलेल्या माद्यांचे निकाल वेगळ्या ओळीत. आणि गोठा, घर, भिंतीच्या भेगा यांची फोड नक्की द्या, कारण फवारणीचा पंप आधी कुठे न्यायचा ते त्याच रकान्यावरून ठरतं. फवारणी थांबवून जनुकक्रमाची वाट पाहायला सांगू नका. मेंदूज्वराची मुलं दवाखान्यात येत असतील तर माश्यांची संख्या आणि जागा एवढं कळलं तरी ते काम सुरू होऊ शकतं, आणि पीसीआरचा निकाल नंतर जोडपत्र म्हणून गेला तरी चालतो.